देवाने सांगितलं, हे कशावरून?

"आम्ही कोपरखैरण्यात राहतो. मूळ नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. वर्षभरापासून सासूबाई तुर्भ्याला एका हॉलमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातात. तिथल्या ब्रदरांनी भर सभेत त्यांना सांगितलं, 'परमेश्वर म्हणतो, तुझं साखरेचं बंधन तुटलं, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास.' त्या दिवसापासून गोळ्या बंद. आज १२ दिवस झाले. मिस्टरांना म्हणाले, गावच्या जमिनीचे पैसे आलेत त्यातले दोन लाख देवाच्या कामात पेरा, मला तसं दाखवण्यात आलंय. मी शंका काढली तर 'अभिषिक्ताला हात लावू नकोस' असं ऐकवलं. आता मला एकच कळत नाही. बायबलही कुणाला तरी देवाने सांगितलं म्हणूनच लिहिलं गेलं ना? मग ते देवाचं आणि हे नाही, हे ठरवायचं कशावर? की असं विचारणंच पाप आहे?"
एक सून, कोपरखैरणे

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. त्याआधी गोळ्यांचं बघा.

आजच घरी ग्लुकोमीटर असेल तर त्यावर, नसेल तर जवळच्या लॅबमध्ये किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सासूबाईंची साखर तपासा. आकडा ३०० च्या पुढे असेल, किंवा खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, धाप, गुंगी यांतलं काही दिसत असेल, तर उद्याची वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या. तसं काही नसेल तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना १२ दिवसांचा खाडा प्रामाणिकपणे सांगून गोळ्या पुन्हा सुरू करा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम दोन-दोन देऊ नका. इन्सुलिन चालू असेल तर ते एक दिवसही थांबवायचं नसतं.

गफलत कुठे होते तेही समजून घ्या, कारण सासूबाई म्हणतील, "मला तर छान वाटतंय." वाटणारच. गोळी बंद केली की साखर गुपचूप चढते. पहिले काही दिवस, कधी काही आठवडेही, माणसाला काही जाणवत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत सभेत उभं राहून साक्ष दिली जाते. महिन्या-दोन महिन्यांनी पायाची जखम भरेनाशी होते तेव्हा ती साक्ष कुणी मागे घेत नाही.

गोळी म्हणजे अविश्वास, हे म्हणणं पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. २ राजे, अध्याय २० काढा. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला. देव यशयाच्या तोंडून सांगतो की मी तुला बरं करतो, तुझ्या आयुष्याची १५ वर्षं वाढवतो. वचन मिळालं, तेही यशयासारख्या संदेष्ट्याकडून. आणि लगेच यशया काय सांगतो? अंजिरांचं पोटीस आणा आणि गळवावर बांधा. बरं करणारा देव, आणि वर औषधही. त्या राजाला कुणी अविश्वासी म्हटलं नाही.

त्याहून महत्त्वाची जागा मत्तयाच्या आठव्या अध्यायात आहे. येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो आणि म्हणतो, जा, याजकाला दाखव, मोशेने नेमलेलं अर्पण कर. हे दाखवणं काय होतं ते लेवीयच्या १३ आणि १४ व्या अध्यायांत तपशिलाने दिलंय. संशयित डाग असेल तर सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा पाहायचं, लागलं तर आणखी सात दिवस. बरा झालेला माणूस छावणीत आला तरी सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचा आणि आठव्या दिवशी अर्पण आणायचा. म्हणजे खुद्द येशूने बरं केलेल्या माणसालाही येशूनेच तपासणीला पाठवलं. तुर्भ्याच्या हॉलमध्ये दिलेल्या शब्दाला या तपासणीतून सूट कशी मिळेल?

आता तुमचा खरा प्रश्न. हे देवाचं, हे माणसाचं, कशावरून?

बरेच लोक समजतात की देवाने वरून मजकूर सांगितला आणि माणसांनी तो उतरवून घेतला. ख्रिस्ती शिकवण तशी नाही. २ पेत्र १:२१ म्हणतं की माणसं देवाकडून बोलली ती पवित्र आत्म्याने नेलेली अशी. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'वाहून नेणे' या अर्थाचं क्रियापद आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात प्रेषित पौलाचं जहाज वादळात सापडतं आणि वाऱ्याने नेलं जातं, तिथेही तेच क्रियापद येतं. शिडाचं गलबत वाऱ्याने जातं, पण फळ्या गलबताच्या असतात, लाकूड गलबताचं असतं, करकर आवाजही त्याचाच. म्हणून आमोसची भाषा मेंढपाळाची आहे आणि यशयाची दरबारात वावरलेल्या माणसाची. लूक तर शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओळींतच सांगतो की मी सगळं मुळापासून नीट तपासून, साक्षीदारांकडून आलेलं, क्रमाने लिहितोय. आत्म्याने चालवलेला माणूस चौकशी करत बसला होता, हे विसरू नका.

यिर्मयाचा ३६ वा अध्याय जरूर वाचा. संदेष्टा यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर लिहितो. हिवाळ्याचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलेला. वाचणारा तीन-चार रकाने वाचतो, की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि विस्तवात टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळते. मग देव दुसरी गुंडाळी लिहायला सांगतो, आणि शेवटच्या वचनात नोंद आहे की तीत तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली. देवाचं वचन माणसाच्या हाताने, माणसाच्या शाईने, दुसऱ्यांदा कष्ट करून लिहिलं गेलं, आणि शास्त्राने ते लपवलं नाही.

याच प्रामाणिकपणात तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. १ करिंथकरांस पत्राचा सातवा अध्याय समोर ठेवा. लग्नाबद्दल लिहिताना दहाव्या वचनात पौल म्हणतो, ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. दोनच ओळी पुढे, बाराव्यात, म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. पंचविसाव्यात कुमारिकांचा विषय येतो तेव्हा म्हणतो, याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा कुणाकुणाला दिला ते सांगताना, आणखी कुणाला दिला असेल तर ते त्याला आठवत नाही, आणि तो तसं लिहूनही टाकतो. दमास्कसच्या वाटेवर ज्याला प्रभूने हाक मारली, गलतीकरांना जो ठामपणे लिहितो की माझी सुवार्ता मला माणसाकडून मिळालेली नाही, तो माणूस प्रभूचा शब्द आणि आपलं मत यांमध्ये अशी रेघ मारतो. रेघ मारतो म्हणूनच त्याच्या "प्रभू सांगतो" या शब्दाला वजन येतं.

आता आठवून बघा. त्या ब्रदरांच्या तोंडून वर्षभरात एकदा तरी "हे माझं मत आहे, माझं चुकू शकतं" असं ऐकलंय का? जमीन, लग्न, नोकरी, औषध, कुणाच्या घरी जेवायला जायचं, सगळंच जर "परमेश्वर म्हणतो" असेल, तर सावध व्हा.

येशूने स्वतःसाठीसुद्धा मोजमाप दिलं आहे. योहान ७:१६ ते १८. माझी शिकवण माझी नाही, ज्याने मला पाठवलं त्याची आहे. त्याची इच्छा पाळायची ज्याची तयारी आहे त्याला कळेल की ही देवाकडून आहे की मी माझ्या मनचं बोलतो. आणि लगेच पुढे, जो आपल्या मनचं बोलतो तो स्वतःचा गौरव पाहतो. ही ओळ ख्रिस्ती शिकवणीच्या उगमाविषयीची सगळ्यात स्वच्छ ओळ आहे असं आम्हाला वाटतं. येशू स्वतःला उगम म्हणवत नाही, पित्याकडे बोट दाखवतो. तेव्हा कुठल्याही संदेशाबद्दल विचारायचं ते हे: तो खरा ठरला तर मोठं कोण होतं, आणि पैसे कुणाकडे जातात?

पैशांचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण दोन लाख लहान रक्कम नाही. २ राजे, अध्याय ५. अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याच्या शब्दाने कुष्ठरोगातून बरा होतो आणि भेटी पुढे करतो. तो निघतानाच दहा किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, सहा हजार सोन्याची नाणी आणि दहा पोशाख घेऊन निघालेला. अलीशा त्यातलं काहीही घेत नाही. त्याचा नोकर गेहजी मात्र रथामागे धावत जातो आणि म्हणतो, माझ्या धन्याने मला पाठवलंय, एक किक्कार चांदी आणि दोन पोशाख द्या. नामान आग्रहाने दोन किक्कार देतो. गेहजीचं पाप फक्त लोभाचं नव्हतं. ज्याने पाठवलं नव्हतं त्याच्या नावाने त्याने मागितलं. नव्या कराराच्या काळाच्या आसपास लिहिलेल्या 'दिदाखे' या शिकवणीच्या लेखात तर साधा नियमच आहे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात आहे असं म्हणून जो म्हणेल "मला पैसे द्या", त्याचं ऐकू नका. गरजूंसाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी, असंही तिथेच म्हटलंय.

म्हणून जमिनीचे पैसे तुमच्या आणि मिस्टरांच्या नावाने मुदत ठेवीत टाका. दशांश किंवा दान द्यायचं असेल तर द्या, पण नोंदणीकृत संस्थेला, चेकने किंवा बँकेतून, पावती घेऊन. संस्था नोंदणीकृत आहे की नाही ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येतं. एखाद्याच्या खासगी खात्यावर किंवा रोख मागणी असेल तर तिथेच थांबा.

"अभिषिक्ताला हात लावू नका" हे वाक्य तर हटकून चुकीच्या जागी वापरलं जातं. ते स्तोत्र १०५ मधलं १५ वं वचन. त्याच्या आधीच्या सात ओळी वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडे, परक्या मुलखात या राज्यातून त्या राज्यात भटकणारे. देव कुणाला दटावतोय? राजांना. म्हणजे बळवंतांनी दुबळ्या उपऱ्यांना त्रास देऊ नये, म्हणून ते वाक्य आहे. व्यासपीठावरच्या माणसाने ते सूनबाईचं तोंड बंद करायला वापरणं म्हणजे वचन उलटं धरणं. आणि प्रश्न विचारण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं? १ करिंथ. १४:२९, संदेष्टे दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. बिरुयातले लोक पौलाचं ऐकूनही रोज शास्त्र काढून तपासायचे, आणि लूक त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणतो. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. पेत्राला जर अडवता येतं, तर तुर्भ्याच्या ब्रदरांना विचारता येतं.

मंडळीनेही पहिल्यापासून घाई केलेली नाही. नव्या कराराची २७ पुस्तकं एका यादीत जशीच्या तशी प्रथम दिसतात ती बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. तोवर तीनशे वर्षं लोक वाचत होते, पारखत होते, प्रेषितांपासून आलेलं कोणतं आणि नंतरचं कोणतं ते निवडत होते. 'हर्मासचा मेंढपाळ' हे पुस्तक दर्शनांनी भरलेलं आणि फार लोकप्रिय, तरी ते यादीत आलं नाही. पुढे कॅथॉलिकांची ७३ पुस्तकं आणि आपली प्रोटेस्टंट ६६, असा फरक जुन्या करारात पडला. शास्त्राचा अर्थ लावायचा अधिकार कुणाचा, यावरही दोघांत मतभेद आहेत. पण या बाबतीत दोघंही एकाच बाजूला उभे आहेत. कॅथॉलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं की धर्मशिक्षणाचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, आणि सर्वांसाठीचं नवं प्रकटीकरण आता अपेक्षित नाही. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नादेत या मुलीला मरियेचं १८ वेळा दर्शन झालं, तर बिशपांनी चौकशी करून निर्णय दिला तो १८६२ मध्ये. तिथे बरं झाल्याच्या सात हजारांवर नोंदी आहेत. डॉक्टरांची आणि मंडळीची चाळणी पार करून चमत्कार म्हणून मान्य झालेल्या सत्तरीच्या आसपास. आपल्या ठाण्यातलंच बघा, १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन संघाचे चौघे धर्मासाठी मारले गेले. त्यांतल्या तोलेंतिनोच्या थॉमस यांना रोमने धन्य म्हणून मान्यता दिली ती १८९४ मध्ये. रक्त सांडलेल्यांच्या बाबतीतही पाचशेहून जास्त वर्षं.

तुम्हाला पारखायला मात्र दहा दिवस पुरेसे आहेत. हा आकडाही शास्त्रातलाच. यिर्मया ४२ मध्ये घाबरलेले लोक विचारायला येतात, मिसरात जाऊ की इथेच राहू, देवाला विचारून सांग. यिर्मया प्रार्थना करतो. देवाचं वचन येतं ते दहा दिवसांनी. तोवर तो गप्प. लोक दारात उभे असताना खऱ्या संदेष्ट्याने स्वतःच्या पदरचं उत्तर दिलं नाही.

तेव्हा घरात असं करा. कुणी घरच्यांसाठी "देवाने सांगितलं" म्हणाला की त्याच रात्री त्याचेच शब्द तारखेसह वहीत लिहा. ही वही फार कामाची आहे. सहा महिन्यांनी "मी तसं म्हणालोच नव्हतो" किंवा "शब्द पूर्ण झाला बघा" असं दोन्ही बाजूंनी होतं, कारण आठवण सोयीने बदलते. दिलेलं वचन असेल तर तो अख्खा अध्याय वाचा, आधीचा आणि नंतरचाही. दहा दिवस त्या शब्दावरून पैसा, औषध, नोकरी, घर यांचा कुठलाही निर्णय नाही. त्या काळात त्या गटाबाहेरच्या, तुमच्या पैशाशी संबंध नसलेल्या दोन जाणत्या माणसांना वही दाखवा, तुमचे जुने पाळक आणि एखाद्या अनुभवी शिक्षिका. गटातल्याच दोघांना विचारण्यात अर्थ नाही, ते एकाच आवाजात बोलतात. आणि प्रेषितांच्या कृत्यांतला अगब हा संदेष्टा लक्षात ठेवा. त्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले, पुढे काय होणार ते सांगितलं. जाऊ नको असा हुकूम त्याने सोडला नाही. निर्णय पौलाने स्वतः घेतला.

एक सांभाळा. सासूबाईंशी सगळ्यांसमोर वाद घालू नका आणि वचनांना वचनांनी उत्तर देऊ नका. त्या तिथे जातात कारण तिथे कुणी त्यांची विचारपूस करतं, मराठीत गाणी म्हणतात, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. दुपारभर फ्लॅटमध्ये एकट्या असणाऱ्या बाईला हे फार हवं असतं, आणि यातलं काही वाईट नाही. आत्मा विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा, असं १ थेस्सलनी. ५ मध्ये एका दमात सांगितलंय. म्हणून सभा बंद करायला लावू नका. तुम्हीच आठवड्यातून दोनदा संध्याकाळी त्यांच्याबरोबर वाचायला बसा, सुरुवात हिज्कीयापासून. रविवारी जवळच्या मराठी उपासनेला त्यांना सोबत न्या, रिक्षा करून, घाई न करता.

ब्रदरांशी बोलायचं ते एकांतात, मिस्टरांना बरोबर घेऊन, आणि विचारायचं एवढंच: "गोळ्या बंद करा, हे प्रभूने सांगितलं की तुमचं मत होतं? आईंना काही झालं तर तुम्ही सभेसमोर तसं सांगाल का?" ते जर म्हणाले, माझ्या उत्साहात बोललो, गोळ्या चालू ठेवा, तर तो सुधारता येणारा माणूस आहे, त्याचं मन राखा. शाप, नाश, घरावर संकट अशी भाषा आली तर उठून या, आणि ती भाषाही वहीत लिहा.

सासूबाईंना सांगा की बरं झाल्याची साक्ष द्यायची त्यांची इच्छा आम्ही मोडत नाही. एचबीएवनसी नावाची तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दाखवते. गोळ्या नीट घेऊन तीन महिन्यांनी ती करू. डॉक्टरांनी स्वतःहून गोळी कमी केली, तर तो कागद हातात धरून त्यांनी सभेत उभं राहावं, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.